पांढरी रेघ

आत्याने खोक्यातून कोरा करकरीत फिल्टर काढला, टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत घट्ट आवळला आणि त्याच्या गळ्यावर कटरचं चाक टेकवलं. पत्र्याचा डबा उघडावा तसं चाक गोल फिरू लागलं. पत्रा किंचाळला, आणि तो आवाज ऐकून काउंटरमागचा भाचा धावतच बाहेर आला.

"आत्या, अगं नवा आहे तो."

"नवा आहे म्हणूनच कापतेय. वापरलेला कापला की त्यानं किती घाण खाल्ली तेवढंच कळतं. मला याच्या पोटात काय आहे ते बघायचंय."

तिने झाकण वेगळं केलं, आतला घड्याघड्यांचा पिवळट कागद ओढून काढला आणि पत्र्याच्या ताटात पसरला. मग चष्मा नाकावर सरकवून ती घड्या मोजत बसली. मध्ये भाचा दोनदा बोलायला गेला. तिने दोन्ही वेळा बोट वर करून त्याला थांबवलं, आणि दुसऱ्या वेळी आकडा विसरला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. खरंच विसरला की त्याला ताटकळत ठेवायचं म्हणून विसरला, ते तिचं तिला ठाऊक.

"एकसष्ट," ती म्हणाली. "आपल्या नेहमीच्यात ब्याण्णव असतात. आणि हे बघ, इथे बोटभर जागेत गोंद लागलेलाच नाही."

"गाड्या काय घड्या मोजतात का?"

"गाड्या मोजत नाहीत, म्हणून मी मोजते."

भाचा बत्तीस वर्षांचा होता आणि गॅरेजमध्येही इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मोठ्या रस्त्यावर काचेचं दार असलेलं नवं गॅरेज झालं होतं, तिथे त्याने मागवलेला हाच स्वस्त फिल्टर दहा मिनिटांत बदलून मिळत होता, आणि जुनी गिऱ्हाइकं मान खाली घालून तिकडे जात होती. हे सगळं त्याने आत्याला नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती, असं निदान तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. त्याचं बोलून झाल्यावर तिने फाडलेला कागद गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"तुला लावायचे तर लाव. रेघ मिळणार नाही."

ही रेघ म्हणजे काय, ते त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. गॅरेज तिच्या वडिलांनी उभं केलं. ते गेल्यावर इंजिनं मोठ्या भावाकडे, म्हणजे या भाच्याच्या वडिलांकडे, दादाकडे आली आणि डिझेलचा फिल्टर तेवढा बहिणीच्या वाट्याला आला. बाईमाणूस म्हणून सगळ्यांत हलकं काम दिलं होतं. तिने त्या हलक्या कामाचं वजन असं काही वाढवून ठेवलं की आता गिऱ्हाईक दादाला हात करायचं आणि विचारायचं आत्याला. टाकीतलं डिझेल कधीच पुरतं स्वच्छ नसतं. त्यात पाणी असतं, गंज असतो, धूळ असते. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये उभा असतो तो हा एवढासा डबा. तो बदलायचा म्हटलं की आत्या आधी त्याच्या बुडाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायची आणि मालकाच्या नाकासमोर धरायची. मग जुना फिल्टर कापून त्याचा कागद ताटात पसरून दाखवायची. दहा मिनिटांसाठी आलेला माणूस अर्धा तास शाळेत बसल्यासारखा बसायचा, आणि वर आभार मानून जायचा.

नवा फिल्टर ती कधी रिकामा बसवायची नाही. रिकामा बसवला तर इंजिन हवा ओढतं आणि सुरू व्हायला कुरकुर करतं. म्हणून तिच्याकडे एक काचेचा जग होता. जगाच्या तोंडावर वडिलांच्या निळ्या शर्टाच्या बाहीचं फडकं ताणून बांधलेलं असायचं. त्यातून गाळलेलं डिझेल ती फिल्टरच्या मधल्या भोकातून काठोकाठ भरायची, मग तो हाताने आवळायची. वडील असंच करायचे. दारावर त्यांच्याच हातची पाटी होती: इथून निघालेली गाडी पहिल्या सेल्फला उठते. आणि ती उठायचीही. चाळीस वर्षांत त्या दारात कुणी दुसऱ्यांदा चावी फिरवलेली नव्हती.

शेवटी ती पांढऱ्या रंगाच्या पेनाने एक रेघ ओढायची. रेघ फिल्टर जिथे आवळला जातो त्या वरच्या बैठकीवर सुरू व्हायची आणि सांध्यावरून खाली फिल्टरच्या डब्यावर उतरायची. पुढे कुणी तो फिल्टर केसभर जरी सैल केला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांना चुकायचे, आणि कुणीतरी हात घातला होता हे लगेच कळायचं. पण लोकांच्या लेखी रेघेचा अर्थ वेगळा होता, आणि तोही आत्यानेच सांगितलेला होता: हे मी बघितलंय, काही झालं तर माझ्याकडे या.

दादाचा स्वभाव भांडण उद्यावर ढकलायचा. दुपारी त्याने दोघांना समोर बसवलं आणि निवाडा दिला. ज्याला स्वस्त हवा त्याला स्वस्त फिल्टर द्यायचा, रेघेशिवाय. त्या खोक्यांतल्या फिल्टरने एखादी गाडी घालवली की खोकी परत, आणि सुट्या भागांचं कपाट कायमचं आत्याच्या ताब्यात. वर्षभर काही झालं नाही, तर कपाट भाच्याचं आणि आत्याने घड्या मोजणं बंद करायचं.

"मान्य," आत्या म्हणाली. "पण गाडी गेली की तो फिल्टर मी सगळ्यांसमोर कापणार. दारात. आत ऑफिसात नाही."

दादाला वाटलं, गोष्ट मिटली. तिच्या डोक्यात काय होतं ते त्याने ओळखायला हवं होतं. एकाच घरात वाढले होते दोघं.

पुढच्याच महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती घरी हिरवी पट्टी बांधून रेडिओ ऐकत पडून होती आणि त्या आठ दिवसांत तिने गॅरेजमध्ये अकरा वेळा फोन केला. सगळं ठीक आहे, असं तिला अकरा वेळा सांगण्यात आलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी शाळेची व्हॅन दोरीने ओढत दारात आणली गेली. व्हॅन चालवणारी बाई रोज चौदा पोरांना शाळेत पोचवायची. सहा वर्षं तिची गाडी दुसऱ्या कुठल्या गॅरेजच्या दारात उभी राहिली नव्हती. ती खाली उतरली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेले, इंजिनात डिझेल फवारणारे चार इंजेक्टर होते. ते तिने आत्यापुढे स्टुलावर ठेवले.

"चढावर दम तोडला हिनं. चौदा पोरं आत, मागे ट्रक. ब्रेक दाबून नुसती बसून राहिले. इंजेक्टरवाल्याकडे चार दिवस गाडी होती. तो म्हणतो, आतल्या सुया खरवडल्यात, फिल्टरनं कचरा सोडलाय. मी म्हटलं शक्यच नाही. आत्याची रेघ आहे त्याच्यावर."

आत्याने बॉनेट उघडलं, टॉर्च धरला आणि वाकली. रेघ होती. पांढरी होती, सरळही होती. पण ती सांध्यावरून गेलेली नव्हती; नुसती डब्यावर ओढलेली होती, पाटीवर खडूने ओढावी तशी.

ती सरळ झाली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं जी रेघ ओढली तिचा अर्थ घरातल्याच माणसाला माहीत नव्हता, आणि तरी त्याने ती ओढली होती. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि त्या रागाचं तिला बरंही वाटत होतं. भाच्याला तिने हाक मारली नाही, नुसतं बोटाने बोलावलं. तो आला, वाकला, आणि तिने काही विचारायच्या आतच म्हणाला की त्या आठ दिवसांत त्याने खोक्यांतले फिल्टर बसवले, आणि गिऱ्हाईक रेघेशिवाय गाडी न्यायला तयार नव्हतं.

"किती गाड्या?"

"थोड्या."

"थोड्या हा आकडा नसतो," ती म्हणाली आणि कटर आणायला गेली.

दादा आला तोवर दारात सातआठ माणसं जमली होती. शेजारचा पंक्चरवाला, समोरचा टेलर, गाड्या घेऊन आलेली दोनतीन गिऱ्हाइकं. दादाने आत्याला हळूच म्हटलं की आत बसून बघू, शटर जरा खाली घेतो.

"फिल्टर कापायला पडदा कशाला लागतो? ठरलंय ते ठरलंय."

तिने फिल्टर व्हाइसमध्ये धरला. करवत ती कधीच वापरायची नाही. करवतीचा चुरा आत पडतो आणि मग कचरा गाडीचा की करवतीचा ते कळत नाही. चाक फिरलं, झाकण निघालं. तिने कागद ओढून ताटात पसरला आणि सगळे पुढे झुकले. कागद बाहेरून तपकिरी झाला होता, चहाच्या चोथ्यासारखा.

"बघा," पंक्चरवाला म्हणाला. काय बघायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आत्याने कागदाची एकेक घडी उलगडली, उजेडासमोर धरली. फाटलेलं काही दिसेना. मग तिने गोंदावरून नख फिरवलं. कमी होता, वाकडातिकडा होता, पण सुटलेला नव्हता. तिच्या कपाळावर आठी पडली. घाण बाहेरच्या बाजूला होती, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच होती. फिल्टरमध्ये डिझेल बाहेरून आत जातं. कागदाच्या आतल्या बाजूचं डिझेल गाळलेलं, तिथून ते मधल्या भोकावाटे थेट इंजिनाकडे निघतं. तिने कागदाच्या मधली भोकाभोकांची पत्र्याची नळी ओढून काढली आणि टॉर्चने तिचा तळ बघितला.

तळाशी चिमूटभर बारीक गाळ होता. आणि त्या गाळात दोन निळे धागे होते, नखाएवढे.

नळीवर तिचा अंगठा आपोआप आला. धागे त्याखाली झाकले गेले.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. भाच्याने मान खाली घातली होती. त्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. खोकी उद्याच परत पाठवतो, असं तो दादाला म्हणाला. आणि दादाने खिशातून कपाटाची चावी काढून ताटाच्या कडेला ठेवली. व्हॅनवाली म्हणाली, मला वाटलंच होतं, आत्याच्या हातचं असं होणार नाही. समोरचा टेलर तर घरी जायलाही निघाला.

सगळं तिच्या मनासारखं झालं होतं. तिने फक्त अंगठा तसाच ठेवायचा होता आणि नळी भंगाराच्या पिंपात टाकायची होती. तिने अंगठा उचलला.

"थांबा सगळे. कागद शाबूत आहे."

दादाने तिच्याकडे बघितलं.

"या फिल्टरनं गाडी घालवलेली नाही," ती म्हणाली. "बारीक धूळ सोडत असेलही, ती मला डोळ्यांनी दिसत नाही. पण हे धागे कागदातून जाऊच शकत नाहीत. हे वरून आलेत, मधल्या भोकातून. हे माझ्या जगावरच्या फडक्याचे धागे आहेत. फडक्यातून धागे गेले तर माती किती गेली असेल. मी डिझेल गाळून भरते ना, पहिल्या सेल्फला उठावी म्हणून? ते मी गाळलेल्या बाजूला भरत होते. कागदाच्या पलीकडे. तिथून पुढे अडवायला काही नाही."

व्हॅनवालीने पुढे होऊन ते धागे बघितले. मग तिने विचारलं, "पण हा फिल्टर तर तुमच्या भाच्यानं बसवला होता ना?"

"बसवला त्यानं. भरायला शिकवलं मी."

"चौदा पोरं होती, आत्या."

"हो."

माफी आत्याने मागितली नाही. ती मागितली तर ही बाई आता बरं आहे म्हणेल, आणि ते बरं म्हणणं तिला नको होतं. इंजेक्टर गॅरेज बसवून देईल आणि तोवर पोरांसाठी दादाची मोठी गाडी घेऊन जा, असं मात्र तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. दादाने तोंड उघडलं, पण तोवर त्याच्या गाडीची चावी खिळ्यावरून निघून व्हॅनवालीच्या हातात गेली होती.

माणसं पांगल्यावर दादाने तिला ऑफिसात नेलं आणि दार लावून घेतलं. तो ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"हे बोलायची काय गरज होती? कुणाला दिसलं होतं ते?"

"मला."

"बाबांनी आयुष्यभर असंच भरलं. बाबांना चुकीचं ठरवलंस तू, दारात उभी राहून. त्यांच्याच पाटीखाली."

हे तिला लागलं. वडिलांच्या शर्टाचं ते फडकं झिजलं होतं, तरी तिने बदललं नव्हतं, आणि ते का बदललं नाही हे दादाला सांगायची गरज नव्हती. ती उठली, आपल्या टेबलाचा खालचा खण उघडला आणि आतून कागदांचा एक गठ्ठा काढला. तिच्या नेहमीच्या, ब्याण्णव घड्यांच्या फिल्टरच्या प्रत्येक खोक्यात एक चतकोर कागद येतो. ते कागद ती हात पुसायला ठेवायची. गठ्ठ्यातला एक तिने सपाट करून टेबलावर ठेवला. त्यावर फिल्टरचं चित्र होतं. मधल्या भोकावर एक जग कलता धरलेला होता, आणि त्या चित्रावर ठळक लाल फुली होती.

दादाने चित्र बघितलं, कागद उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा चित्र बघितलं.

"हे किती दिवसांपासून येतंय?"

"नवी इंजिनं आली तेव्हापासून असणार. मी वाचलंच नाही. दुनियेला शिकवत बसले, आणि यानं हात पुसत राहिले." ती खुर्चीत बसली. "बाबा चुकले नव्हते. त्यांच्या वेळची इंजिनं दणकट होती, ती पचवायची. या नव्यांच्या सुयांना केसाएवढी धूळसुद्धा मोठी होते. इंजिन बदललं तेव्हा मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे, ती मी बाबांना देणार नाही, आणि याच्या खोक्यांनाही देणार नाही."

मग तिला जुनं गिऱ्हाईक असलेल्या एका डॉक्टरांची राखाडी गाडी आठवली. मागच्या वर्षी त्यांचे इंजेक्टर गेले होते. पंपावरचं डिझेल भेसळीचं आहे, असं तिने त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी पंप बदलला होता. आता ते गावाबाहेरच्या पंपावर जात होते, तिच्या सांगण्यावरून.

तिने कपाटावरून कार्डांचा पत्र्याचा डबा खाली घेतला. दर गाडीचं एक कार्ड, त्यावर नंबर, तारीख, फोन. नव्या जातीच्या इंजिनांची कार्डं ती एकेक करून बाजूला ठेवू लागली. दादाला ती काय करतेय ते कळायला थोडा वेळ लागला.

"अगं, त्यांच्या गाड्या चालू आहेत."

"व्हॅनही चालू होती. चढ येईपर्यंत."

"अर्धी गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ देत. काही झालं तर माझ्याकडे या, असं सांगून बसलोय ना आपण? मग काही व्हायची वाट कशाला बघायची?"

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला नाही म्हणायचं होतं, पण या घरात तिला नाही म्हणून कधी काही थांबलेलं नव्हतं. बाहेर पाटीच्या सावलीत व्हॅन उभी होती, बॉनेट अजून उघडंच होतं.

अडतीस कार्डं निघाली. पहिला फोन तिने डॉक्टरांनाच केला. गाडी घेऊन या, इंजेक्टर तपासून घेऊ, आणि मागच्या वर्षी दोष पंपाचा नव्हता, माझा होता, असं तिने एका दमात सांगितलं. पलीकडून डॉक्टरांनी काय विचारलं ते दादाला ऐकू आलं नाही. आत्या फक्त "हो" म्हणाली, पुन्हा एकदा "हो" म्हणाली, आणि फोन तिकडून बंद झाला. तिने कार्डावर खूण केली आणि दुसरं कार्ड ओढलं. दुसरा माणूस भला निघाला. तिसरी बाई इतकं तोडून बोलली की आत्याने फोन कानापासून जरा लांब धरला, पण पूर्ण ऐकून घेतलं.

पाचव्या की सहाव्या फोनच्या वेळी भाचा दारात येऊन उभा राहिला. हातात कपाटाची चावी होती. ती आतापर्यंत ताटाच्या कडेलाच पडून होती, कुणी उचलली नव्हती. तिला डिझेल लागलं होतं.

"वर्ष अजून व्हायचंय, पण अट तू हरलीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

"हरले. कपाट तुझं. ने चावी."

"आणि ती खोकी?"

"तुझं कपाट, तुझी खोकी. पण मी त्यातला एकही फिल्टर बसवणार नाही. आणि त्याच्यावर रेघही ओढणार नाही. एकसष्ट घड्या कालही एकसष्ट होत्या, आजही एकसष्टच आहेत. माझी चूक निघाली म्हणून त्या ब्याण्णव झाल्या नाहीत. आणि घड्या मोजणंही मी बंद करणार नाही. तुला मला काढायचं असेल तर काढ, दादा साक्षीला आहे."

दादाने साक्षीला असल्याचं काहीच दाखवलं नाही. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

भाचा आत आला. त्याने चावी टेबलावर ठेवली, लाल फुलीच्या चित्रावर, आणि आत्याच्या समोरच्या कार्डांकडे बघितलं. तिने पुढचा नंबर फिरवायला घेतला होता.

"आत्या."

"बोल."

"तीन आहेत. व्हॅन धरून." त्याने गठ्ठ्यात बोट घालून दोन कार्डं शोधून काढली. त्याला शोधावं लागलं नाही खरं तर. ती कुठे होती ते त्याला माहीत होतं. "या दोन्हींवरची रेघ तुझी नाही."

आत्याने फोन खाली ठेवला. तिने ती दोन कार्डं बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर खाली घेतली नाही, एवढं तिने पाहिलं. तिने दोन्ही कार्डं त्याच्या बाजूला सरकवली आणि फोनही.

"मग हे दोन तुझे."

"काय सांगू?"

"आहे ते."

तो स्टूल ओढून बसला. शर्टाची बाही डिझेल लागलेल्या टेबलावर टेकली, ती त्याने उचलली नाही. पहिल्या कार्डावरचा नंबर त्याने दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा फोन लागला.

"हॅलो, गॅरेजमधून बोलतोय," तो म्हणाला. "नाही, आत्या नाही. मी बोलतोय. तुमच्या फिल्टरवर पांढरी रेघ आहे ना, ती मी ओढलीय."